बारा तासांची ड्युटी

सकाळी पावणेसात. सुरतेतल्या डिंडोलीच्या नाक्यावर शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही. मावशीच्या पिशवीत कळण्याची भाकरी, ठेच्याची डबी आणि कामाच्या घरात घालायची वेगळी चप्पल. ती मूळची अमळनेरकडची. नवरा लूमवर, ती आधी घरबसल्या साड्यांना टिकल्या लावायची, आता ‘पेशंटची ड्युटी’ करते. तिचं नाव इथं नको. डिंडोली, गोडादरा, लिंबायत या पट्ट्यातून तिच्यासारख्या बऱ्याच खानदेशी बाया असं काम करतात, घरोघरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या यादीत सगळ्याच ‘मावशी’. पर्वत पाटियाला कापड बाजारातल्या मारवाडी व्यापाऱ्यांचे फ्लॅट आहेत आणि त्यातल्या काहींत लकवा झालेले, मांडी मोडलेले, स्मरण गेलेले म्हातारे.

आठ. रात्रपाळीची ओडिया बाई चपलेत पाय घालता घालताच सांगते, “सब ठीक है.” मावशीला हे चालत नाही. लघवीच्या पिशवीत किती होतं? रंग कसा? कूस किती वाजता बदलली? खोकला आला का? दोघींचं हिंदी मोडकं, पण एवढ्यापुरतं पुरतं. माझ्या मते घरच्या रुग्णसेवेत सगळ्यात धोक्याची वेळ हीच. इस्पितळात पाळी बदलताना खाटेजवळ फाइल असते, दोन सिस्टर असतात. घरात हा सगळा व्यवहार पायपुसण्यावर उभ्या-उभ्या उरकतो. मावशीनं म्हणून दहा रुपयांची वही आणली. मारवाडी घर देवनागरी वाचतं, त्यामुळे घरातल्या भाभीलाही ती वाचता येते. रात्रीच्या बाईला येत नाही. ती नुसते तास लिहिते आणि पुढं बरोबरच्या खुणा करते, तेवढंही बरंच झालं.

साडेआठ. इन्सुलिन. इथं मावशी हात मागे घेते. भाभीला घाई असते, “मौसी, आप ही लगा दो ना.” नाही. शुगर मोजून आकडा वहीत लिहिणं तिचं काम, सुई टोचणं भाभीचं. हा हेका कशासाठी, ते फ्रीजमध्येच दिसतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या काही बाटल्या ४० युनिटच्या मिळतात, काही १०० च्या. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. पेनमधलं औषध १०० चं. पेन बिघडलं म्हणून कुणी त्यातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं आणि दहाच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात पंचवीस युनिट जातात. म्हाताऱ्या माणसाची शुगर ७० च्या खाली जाऊन तो निपचित पडतो आणि घरचे म्हणतात, आज छान झोप लागली. ब्युरोचा माणूस फोनवर सांगतो, “अरे, सगळ्याच बाया देतात.” देतात, हे खरं आहे. परिचारिका म्हणून नोंदणी व्हायला एएनएमला दोन वर्षं, जीएनएमला तीन वर्षं शिकावं लागतं. मावशीनं त्यातलं काहीच केलेलं नाही, आणि आपल्याला काय येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. मला विचाराल तर तिची हीच लायकी सगळ्यात मोठी.

नऊ. पेशंट म्हणजे बाबूजी, त्यांना ताठ बसवून दलिया. हनुवटी खाली, घास लहान, आधीचा गिळला की मगच पुढचा. लकव्यानं घसा ढिला पडलेला, पातळ पाणी सरळ श्वासनळीत जाऊ शकतं. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. साडेदहाला घरचा शेठ मार्केटला निघतो, दारातून हात जोडतो.

अकरा. अंग पुसणं. माकडहाड, टाचा, नितंब रोज उजेडात बघायचे. कातडी लाल दिसली की बोटानं दाबायची. दाबूनही लाली जात नसेल तर ती अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमेची सुरुवात. दर दोन तासांनी कूस बदलायची. लघवीची पिशवी ओटीपोटाच्या खाली लटकती, पण फरशीला न टेकलेली. वर उचलली की घाण उलटी चढते. कूस बदलताना ती भाभीला हाक मारते, चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची. पाच-सहा मिनिटांचं काम, पण भाभी फोनवर असली तर मावशीच्या कंबरेवर येतं. तिची कंबर कुठल्याच वहीत नाही.

एक. डबा. या घरात तिला स्वयंपाकघराच्या दाराशी पाट मिळतो, संडासही वापरता येतो. आधीच्या एका घरात खाली वॉचमनच्या संडासात जायला सांगत, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. कोरड्या घशानं, अवघडून बसलेली बाई रुग्णाकडे काय लक्ष देणार? बहिणीचा फोन येतो, “काय करी ऱ्हायनी वं?” तेवढंच अहिराणी कानावर.

तीन. बाबूजी झोपलेले. ब्युरोचा सुपरवायझर आठवड्यातून एकदा येतो, सही घेतो, खाटेकडे बघत नाही. ब्युरो काढायला आणि बाया पाठवायला दुकानापेक्षा फार वेगळं काही लागत नाही. २०१९ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं. त्यात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि प्रशिक्षित, पोलीस पडताळणी झालेली माणसं अशा अटी होत्या. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली. मावशीचं आधार कार्ड ब्युरोकडे आहे, शेठकडे त्याची झेरॉक्स आहे. शेठबद्दल तिला काय माहीत? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहतं घरही कामाची जागा धरलं आहे आणि तक्रारीला जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तिचा आपला एक नियम आहे, घरात दुसरी बाई नसेल तिथं ड्युटी घ्यायची नाही.

साडेचार. फिजिओथेरपिस्ट येऊन जातो.

सहा. बाहेर पावसाचा जोर. इकडं पाऊस म्हणजे खाडीची धास्ती. मिठी खाडी भरली की लिंबायत-पर्वत गामच्या सखल गल्ल्यांत पाणी शिरतं. रात्रीच्या बाईचा फोन: रस्त्यात पाणी, येणार नाही. ब्युरो म्हणतो, “मौसी, आज रात खींच लो, डबल मिलेगा.” पैशांची गरज तिलाही आहे. पण चोवीस तासांनंतरच्या सकाळी तिच्या हातून कुठली गोळी कुठल्या वाटीत जाईल? ती भाभीला सांगते, रात्री दहापर्यंत थांबते, पुढं माणूस बघा.

पावणेनऊ. बदली बाई येते. एकोणीस-वीस वर्षांची पोर, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली. ब्युरोनं तिला ‘एक बाबा आहेत’ एवढंच सांगितलंय. मावशी तिला टॉवेल देते, चहा पाजते, हात धुवायला लावते. मग कूस बदलायला सांगते, स्वतः दोन पावलं मागं उभी राहते. पोर बाबूजींना त्यांचा लकव्याचा हात धरून ओढते.

“थांब. खांद्याखाली हात घाल. परत कर.”

दुसऱ्यांदा जमतं. मग वही. “मोठ्यानं वाच, आजचं पान.” पोर अडखळत वाचते. शुगरचा आकडा, शेवटची कूस आठ वाजता, पुढची दहाला, रात्री इन्सुलिन भाभीच देणार. खाली १०८ आणि शेठचा मोबाइल. पोर विचारते, “और सुई आई तो?”

“नाही म्हणायचं.”

साडेनऊला मावशी निघते. ब्युरोच्या हजेरीत तिची ड्युटी आठलाच संपलेली आहे. वरच्या दीड तासाचे पैसे कुणी द्यायचे, यावरून उद्या भाभी आणि ब्युरो यांच्यात फोनाफोनी होईल.