तळघराला घाम फुटतो तेव्हा

लेकरांनो, इकडे या. परवा तुम्ही नाक दाबून तळघरातून पळत वर आलात आणि ओरडलात, "आजोबा, भिंतीला केस आलेत!" आज त्या केसांचीच गोष्ट सांगतो.

थोरलीनं भिंगातून पाहिलं, तिला विचारा. पांढरे, एकमेकांत गुंतलेले धागे, बोंडातून सुटलेल्या कापसासारखे. टोकाला हिरवट-काळे ठिपके. तो एक जीव आहे, बुरशी. ती झाडही नाही आणि प्राणीही नाही. पानं नाहीत म्हणून तिला उन्हावर अन्न करता येत नाही, तोंड नाही म्हणून चावता येत नाही. आपण आधी गिळतो, मग पचवतो. ही आधी बाहेरच पाचकरस सोडते, समोरचं लाकूड, कागद, चिंधी विरघळवते आणि मग शोषून घेते. भिंतीवरची धूळसुद्धा तिला पुरते. टोकावरचे ते ठिपके म्हणजे तिच्या बीजाणूंची कोठारं. बीजाणू इतके बारीक, की दोन-तीनशे एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. या ओसरीवरही ते आत्ता तरंगत आहेत. मग ओसरीला बुरशी का नाही? कारण इथं पाणी नाही. बीजाणू कुठंही पडतो, पण ओल मिळाल्याशिवाय रुजत नाही.

आता तळघरात पाणी येतं कुठून ते बघा. हा माठातल्या गार पाण्यानं भरलेला तांब्या. श्रावणात बाहेरून लगेच थेंब धरतो. तांब्या गळत नाही. हवेतली वाफ गार धातूला लागून पाणी होते. तळघराची भिंत म्हणजे असाच एक मोठा तांब्या. मे महिन्यात आपल्या उमरीत पारा बेचाळीसच्या पुढं गेला तरी जमिनीखाली गारवा असतो, म्हणून तर वाडवडिलांनी तळघरं काढली. पण पावसाळ्यात तोच गारवा नडतो. तुमचा बाप चांगल्या हेतूनं म्हणाला, "दार उघडं ठेवा, वारं लागू द्या." बाहेरची दमट हवा आत गेली आणि गार भिंतीला घाम फुटला. पावसाळ्यात तळघराचं दार उघडायचं ते उघडीप मिळाली, कोरडं ऊन पडलं, तेव्हाच.

पाण्याची दुसरी वाट समईतल्या वातीची. वात तेल वर ओढते, तशी माती-चुन्याची भिंत बाहेरची ओल आत ओढते. त्यात आपली जमीन काळी. पाणी पिऊन फुगते आणि ते लवकर सोडत नाही. यातली आपली वाट कोणती? खताच्या पोत्यातला प्लास्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर चिकटपट्टीनं चारी बाजूंनी घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असले तर ओल भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला असले तर हवेतून. आपल्या तळघरात काल मी पाहिलं. भिंतीकडून ओलं होतं. माळवदाचं पाणी पन्हळीतून थेट पायाशी पडतं आहे.

मग तुम्ही विचाराल, जुनी माणसं जमिनीखाली ज्वारी कशी ठेवत होती? पेवात! पेव काळ्या रानात नसे. गावठाणाच्या पांढरीत, उंचवट्यावर खोदत. तोंड अरुंद, पोट मोठं, कडेनं कडबा, वर दगड आणि मातीचा लेप. ज्वारी उन्हात कडक वाळवूनच आत जाई. पुढची गंमत ऐका. आतले दाणे, किडे आणि थोडीफार बुरशी, सगळे श्वास घेत. कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन संपत जाई, कार्बन डायऑक्साइड साचे. किडे मरत, बुरशी आपल्याच श्वासानं कोंडली जाई. कडेची ज्वारी काळी पडे, मधली वर्षानुवर्षं टिके. पण तीच हवा माणसालाही मारते. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी बसून राहतो. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेली माणसं दगावली आहेत. कंदील सोडून बघायची रीत होती, पण तिचाही पुरता भरवसा नाही. जुनं पेव किंवा बंद टाकी दिसली तर आत वाकूनही बघू नका.

आता तळघरातली ती दोन पोती. वरून हिरवी पडलेली ज्वारी भाजून-शिजवून चालेल असं आजी म्हणाली. नाही चालणार. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोधता शोधता कळलं, त्यांच्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीचं विष होतं, अफ्लाटॉक्सिन. 1974 मध्ये आपल्याच देशात, राजस्थान-गुजरातच्या आदिवासी गावांत बुरसलेला मका खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली. स्वयंपाकाच्या आचेनं हे विष जात नाही, ते यकृतावर बसतं. म्हणून ती ज्वारी गाईलाही घालायची नाही, खड्ड्यात पुरायची.

बुरशी वाईटच, असं मात्र मनात धरू नका. तिच्याच एका जातीनं 1928 मध्ये फ्लेमिंग नावाच्या शास्त्रज्ञाला पेनिसिलिन दिलं, आणि 1955 पासून पुण्याजवळच्या पिंपरीत ते औषध मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागलं. कितीतरी लेकरं त्यानं वाचली.

भिंत साफ करताना कोरडा झाडू मारायचा नाही, बीजाणू घरभर उडतील. नाकाला मास्क बांधा, साबणाच्या पाण्यानं भिंत ओली करून ब्रशनं घासा, पुसा, पंखा लावून वाळवा. ज्याला दमा आहे त्यानं वरच थांबायचं. पूर्ण वाळल्यावर चुना मारू. चुन्याच्या क्षारात बुरशी सहसा तग धरत नाही. सिमेंटचा गिलावा नको, त्यामागं ओल कोंडते. ओल्या भिंतीवर नुसता रंग फासलात तर पुढच्या आषाढात केस पुन्हा उगवतील.

पण या सगळ्याच्या आधी एक काम. ती पन्हळ वळवून पाणी भिंतीपासून चार हात लांब न्यायचं, आणि पायाशी मातीचा बाहेरच्या बाजूला उतार काढायचा. मृग निघायच्या आत. फावडं गोठ्यात आहे, घेऊन या.