घरगुती गुंतवणुकीचें कुंपण



शेताला कुंपण घालणारा शेतकरी त्या कुंपणापासून पिकाची अपेक्षा करीत नाहीं. कुंपणानें अडविलेल्या जागेंत दाणा उगवत नाहीं, ही हानि तो जाणूनबुजून सोसतो. कारण मोकाट जनावरें एका रात्रींत जें नासतील तें भरून काढावयास पुढील हंगामाची वाट पहावी लागेल, हें त्याला ठाऊक असतें. इंग्रजींत झुडुपांच्या अशा कुंपणाला 'हेज' म्हणतात, आणि धनिकांच्या ज्या 'हेज फंडां'चा आज एवढा बोलबाला आहे त्यांचें नांवही त्याच शब्दावरून पडलें. तसलें कुंपण सामान्य पगारदार कुटुंबाला आपल्या बचतीभोंवतीं स्वतःच्या हातांनीं घालतां येईल काय, येत असल्यास कसें, आणि त्याचें मोल काय पडतें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

ह्या कल्पनेचें जनकत्व आल्फ्रेड विन्स्लो जोन्स ह्या अमेरिकन गृहस्थांकडे जातें. ते पेशानें दलाल नव्हते. समाजशास्त्राचे पंडित आणि नियतकालिकांचे लेखक होते. १९४९ सालीं त्यांनीं एक लाख डॉलरच्या भांडवलावर न्यूयॉर्कमध्यें एक भागीदारी स्थापिली. त्यांपैकीं ४० हजार डॉलर त्यांचे स्वतःचे होते. त्यांची युक्ति अशी. जे शेअर चांगले दिसत ते विकत घ्यावयाचे. जे वाईट दिसत ते उसने आणून विकावयाचे, आणि भाव उतरल्यावर स्वस्तांत घेऊन परत करावयाचे. आपल्या बाजारांत मंदीवाले म्हणून जे ओळखले जातात त्यांचा हाच व्यवहार. भेद इतकाच कीं, मंदीवाला जें सट्ट्यासाठीं करतो तें जोन्स यांनीं रक्षणासाठीं केलें. सबंध बाजार कोसळला तर खरेदींतील तोटा ह्या विक्रीच्या नफ्यांतून कांहीं अंशीं भरून निघावा, ही त्यांची दृष्टि होती.

पुढें ह्या व्यवसायाची मजुरी फार वाढली. जोन्स नफ्याचा पांचवा हिस्सा घेत. मागाहून आलेले पुष्कळ व्यवस्थापक त्याशिवाय भांडवलावर वर्षाला दोन टक्केही आकारूं लागले. दहा लाखांवर एक लाख मिळाले, तर ह्या हिशेबानें त्यांतील ३६ ते ४० हजार व्यवस्थापकाच्या घरीं जातात. वॉरन बफे यांनीं ह्याच मुद्द्यावर पैज लावली होती. २००८ ते २०१६ ह्या नऊ वर्षांत अमेरिकन निर्देशांकाच्या साध्या निधीनें सालीना सरासरी ७.१ टक्के मिळविले. प्रतिपक्षानें निवडलेले, हेज फंडांत पैसे गुंतविणारे पांच निधि सरासरीनें २.२ टक्क्यांवर राहिले. आपल्याकडे सेबीच्या २०१२ च्या नियमांनीं अशा निधींना स्थान मिळालें. पण त्यांत प्रवेश करावयास सामान्यतः किमान एक कोटि रुपये लागतात. तेव्हां मध्यमवर्गीयाला तें दार बंद आहे, आणि उघडें असतें तरी आंत जाण्यांत शहाणपण होतें असें म्हणवत नाहीं.

मग साधन कोणतें? त्याचें नांव ईटीएफ. ही एक टोपली समजावी. टोपलींत निर्देशांकांतले सारे शेअर, किंवा सरकारी रोखे, किंवा शुद्ध सोनें ठेवलेलें असतें, आणि टोपलीच्या लहान लहान हिश्शांची खरेदी-विक्री शेअरासारखीच बाजारांत दिवसभर चालते. अमेरिकेंत असा निधि १९९३ सालीं सुरू झाला. भारतांत निफ्टीचा पहिला निधि २००१ च्या अखेरीस निघाला, आणि सोन्याचा २००७ सालीं. सरकारी रोख्यांचे त्यानंतर आले. येथें कोणी हुशार व्यवस्थापक बसलेला नसतो, म्हणूनच खर्च थोडा. कांहीं निर्देशांकी निधींचा सालीना खर्च शंभर रुपयांस दहा पैशांहूनही कमी असतो.

आतां कुंपण कसें घालावयाचें तें पाहूं. शेअर उसने घेऊन विकणें हें गृहस्थाचें काम नव्हे. परंतु रक्षणाला दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे ज्यांच्या चढउताराचीं कारणें भिन्न आहेत अशा वस्तु एकत्र बाळगणें. अमेरिकन लेखक हॅरी ब्राउन यांनीं ह्याची एक सोपी मांडणी लोकांपुढें ठेवली. अर्थव्यवस्थेचे चार ऋतु असतात असें ते म्हणत. भरभराटींत शेअर वाढतात. मंदी येऊन व्याजाचे दर उतरले म्हणजे जुन्या, अधिक व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचें मोल वाढतें. महागाई भडकून चलनावरचा विश्वास उडाला म्हणजे सोनें वर जातें. आणि पैशाची सर्वत्र टंचाई झाली म्हणजे रोख रक्कमच कामास येते. कोणता ऋतु केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं; म्हणून चारही वस्तु सारख्या प्रमाणांत, म्हणजे शेंकडा पंचवीस, ठेवाव्या. आपल्या बाजारांत निफ्टीचा, दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा, सोन्याचा आणि अल्पमुदतीच्या रोखतुल्य कागदांचा, ज्यास 'लिक्विड' म्हणतात, असे चारही ईटीएफ मिळतात.

ह्याची परीक्षा वाईट वर्षांतच होते. २००७ अखेर सेन्सेक्स २०,२८७ वर होता. २००८ अखेर तो ९,६४७ वर आला. समजा, एका गृहस्थानें निवृत्तीचे दहा लाख सर्वस्वी शेअरांत ठेवले होते. लाभांश सोडून दिला तर वर्षाअखेर त्याच्यापाशीं पावणेपांच लाखांच्या आसपास उरले. त्याच्या शेजाऱ्यानें दहा लाखांचे चार सारखे भाग केले होते. त्याच्या शेअरांचे अडीच लाख सुमारें एक लाख एकोणीस हजार झाले. बाकीचे साडेसात लाख जागच्या जागीं राहिले असें धरलें, तरी त्याचे ८ लाख ६९ हजार शिल्लक होते. वस्तुतः त्या वर्षीं व्याजाचे दर उतरल्यानें सरकारी रोखे वधारले, आणि सोनें डॉलरमध्यें थोडेंच वाढलें असलें तरी रुपया घसरल्यामुळें आपल्या देशांत तें बरेंच महागलें. भारतीय कुटुंबाला सोन्यापासून असें दुहेरी रक्षण मिळतें.

आतां दोघांनाही मुलीच्या शिक्षणासाठीं दोन लाख काढावयाचे आहेत असें समजा. पहिल्याला पडत्या भावानें शेअर विकावे लागतात, आणि उरतात पावणेतीन लाख. पुढच्या वर्षीं सेन्सेक्स ८१ टक्के वाढून १७,४६५ वर गेला. तरीही ह्या गृहस्थाचे पांच लाख जेमतेम झाले. दुसऱ्यानें रोख भागांतून फी भरली व शेअरांना हात लावला नाहीं. भाव उतरणें हें बहुधा मूळ संकट नसतें. उतरल्या भावानें विकणें भाग पडावें, हें संकट असतें. कुंपणाचा खरा उपयोग तें टाळण्यांत आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्याच २००९ सालांत शेअरांचा पंचवीस टक्केच भाग बाळगणाऱ्याला त्या ८१ टक्के तेजीचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारें वीस टक्के, लाभला. शेजारीपाजारी तेजीच्या गप्पा मारीत असतां स्वस्थ बसणें ज्याला जमणार नाहीं, त्यानें हें कुंपण घालूं नये. तो तें नेमकें चुकीच्या वेळीं मोडील. ज्यांची नोकरी अजून वीस-पंचवीस वर्षें आहे त्यांनीं शेअरांचा भाग मोठा व कुंपण लहान ठेवणें रास्त होय.

शिवाय कोणतेंही कुंपण अभेद्य नसतें. २०२२ सालीं अमेरिकेंत महागाई रोखण्यासाठीं व्याजाचे दर झपाट्यानें वाढविले गेले. तेव्हां शेअरांचा प्रमुख निर्देशांक लाभांश धरूनही १८ टक्के उतरला, आणि दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे निधि तर ३० टक्क्यांहून अधिक. शेअर आणि रोखे ह्या दोहोंवरच विसंबलेल्यांचें कुंपण शेताबरोबरच आडवें झालें. सोनें जवळजवळ स्थिर राहिलें व रोख रकमेला व्याज मिळालें. दोन वस्तूंऐवजीं चार कां, ह्याचें उत्तर ह्या एका वर्षांत आहे.

कुंपणाची डागडुजी वर्षांतून एकदां करावी. एखादा भाग शेंकडा ३५ च्या वर किंवा १५ च्या खालीं गेला, कीं वाढलेल्यांतून थोडें विकून घटलेलें घ्यावें, असा ब्राउन यांचा नियम होता. ह्या नियमानें महागलेलें विकलें जातें व स्वस्त झालेलें घेतलें जातें, आणि तेंही भाकीत न करतां. विक्रीवर कर पडतो. म्हणून शक्य तोंवर नवी बचत घटलेल्या भागांत घालूनच तोल साधावा.

आतां दोन धोक्यांच्या सूचना. अमेरिकेच्या बाजारांत निर्देशांकाच्या उलट चालणारे ईटीएफ मिळतात, व तेथें राहणाऱ्या आपल्या मराठी बांधवांना ते सहज घेतां येतात. बाजार पडला कीं हे चढतात, तेव्हां खरें कुंपण हेंच, असें वाटणें स्वाभाविक आहे. पण त्यांची उलट चाल एकेका दिवसापुरती असते. निर्देशांक शंभरावरून नव्वदावर आला आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां शंभरावर गेला असें समजा. उलटा निधि पहिल्या दिवशीं ११० होतो. दुसऱ्या दिवशींची वाढ ११.१ टक्के असल्यानें तो तितकाच घटून ९८ च्या खालीं येतो. बाजार होता तेथेंच, आणि निधि दोन रुपयांनीं उणा! अशा दहा हेलकाव्यांत त्याचे ८० उरतात. कुंपणच शेत खातें तें असें. तीच गोष्ट कर्ज काढून गुंतवणूक करण्याची. लाँग-टर्म कॅपिटल मॅनेजमेंट ह्या हेज फंडांत अर्थशास्त्राचे दोन नोबेल-विजेते भागीदार होते. तरी उसन्या पैशाच्या भारानें तो १९९८ सालीं बुडूं लागला, आणि चौदा बँका व पेढ्यांना सुमारें ३६० कोटि डॉलर घालून त्याला सावरावें लागलें.

खरेदी करतांना एक दक्षता घ्यावी. टोपलीचा बाजारभाव आणि आंतल्या वस्तूचें मोल हीं नेहमीं सारखीं नसतात. २०२५ च्या ऑक्टोबरांत आपल्याकडे चांदीच्या ईटीएफांना त्यांतील चांदीहून बराच अधिक भाव द्यावा लागत होता. म्हणून निधीचें घोषित मोल पाहून, आपला भाव ठरवूनच मागणी नोंदवावी. आणि ज्याची उलाढाल तुरळक आहे असा निधि टाळावा.

सारांश, जोन्स यांच्या युक्तीची नक्कल घरीं करतां येत नाहीं. पण तिचा हेतु मात्र घरीं साधतां येतो. त्याला उसना पैसा लागत नाहीं, भाकीत लागत नाहीं, व्यवस्थापकाची मजुरीही लागत नाहीं. चार स्वस्त निधि, वर्षाकांठीं एक दिवसाचा हिशेब, आणि तेजींत थोडें मागें राहण्याची तयारी इतकें पुरे. ज्या वर्षीं बाजार अर्धा होईल, त्या वर्षीं मुलीची फी वेळेवर भरली जावी एवढ्यासाठींच हा खटाटोप आहे, हें ज्याच्या ध्यानांत राहील त्याला हें कुंपण महाग वाटणार नाहीं.