गाण्याने शीण का जातो?

आवणीचे दिवस असतात. पाऊस धो धो कोसळत असतो. पाय चिखलात रुतलेले. सकाळपासून वाकून कंबर धरलेली. अशा वेळी एखादी बाई गाणे सुरू करते. दुसऱ्या बाया ते झेलतात. बघता बघता हात भराभर चालू लागतात. पाऊस तोच, चिखल तोच, रोपांच्या मुठीही तितक्याच. मग बदलले काय? बदलले ते मन.

कुणी म्हणेल, "गाण्यानं काय पोट भरतं?" नाही भरत. पण पोटासाठी जे काम करायचे, ते गाण्याने हलके होते. आपल्या वाडवडिलांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून जात्यावर ओवी आली, शेतात भलरी आली, होडीवर कोळीगीत आले.

आपल्या मुलखातली गाणी

आपला ठाणे जिल्हा गाण्यांनी भरलेला आहे. खाडीच्या काठी कोळी आणि आगरी लोकांची जुनी गावे आहेत. कोळ्यांचा धंदा मासेमारीचा. आगऱ्यांचा धंदा मिठागराचा आणि भातशेतीचा. दोन्ही कामे अंगमेहनतीची. म्हणून त्यांची गाणीही ठसक्याची! कोळीगीताचा ठेका पाण्यावरच्या होडीसारखा डोलतो. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो.

ही गाणी पुढे कोळीवाड्याबाहेर गेली. शाहीर विठ्ठल उमप यांनी ती गावोगाव गायिली. २०१० साली ते वारले, पण त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. कवयित्री शान्ता शेळके यांनीही कोळीगीते लिहिली. हृदयनाथ मंगेशकर यांनी त्यांना चाली दिल्या आणि लताबाईंनी ती गायिली. ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही, त्यांच्याही घरात रेडिओवरून दर्याचे गाणे पोचले.

मग कॅसेटचा काळ आला. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते घरोघर वाजू लागली. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांनी १९८० नंतरच्या वर्षांत पोपटाचे गाणे गायिले. त्या गाण्यावर नाचले नाही असे गाव शोधून सापडणार नाही!

आगऱ्यांच्या लग्नात आणखी एक मान असतो. तो धवलारणीचा. ही म्हातारी, जाणती बाई लग्नाच्या एकेका विधीला धवले गाते. 'धवळा' हा शब्द फार जुना आहे. महानुभाव पंथाच्या महदंबेने तेराव्या शतकात धवळे रचले. तिला मराठीतली पहिली कवयित्री मानतात. म्हणजे आपल्या आजीच्या तोंडची ही रीत सातशे वर्षांहून जुनी आहे. आता हळदीच्या रात्री मोठाले कर्णे लागतात. त्यांच्या आवाजात धवलारणीचा आवाज बुडतो. तिचे गाणे कुणी शिकून घेतले नाही, तर ते तिच्याबरोबरच जाईल.

आगगाडीतले भजन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली. आज कल्याण-डोंबिवलीची माणसे लाखांनी रोज मुंबईला कामाला जातात. गाडीत पाय ठेवायला जागा नसते. घाम येतो, धक्के बसतात, डोके तापते. अशा गाडीच्या एखाद्या डब्यात टाळ वाजू लागतात. भजनी मंडळाची माणसे रोज ठरलेल्या डब्यात चढतात आणि अभंग म्हणतात. एक जण सांगतो, बाकीचे मागून म्हणतात. तासाभराचा प्रवास कधी सरला ते कळत नाही. कामावर उतरणारा माणूस वैतागलेला नसतो, ताजातवाना असतो. मात्र डब्यात कुणी आजारी असतो, कुणी रात्रपाळी करून झोपलेला असतो. त्याचीही आठवण ठेवावी.

असे का होते?

आता याचे कारण पाहू. कारणे चार आहेत.

पहिले कारण ठेका. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा पडते. झपझप चालताना मिनिटाला शंभराच्या वर पावले पडतात. उडत्या गाण्याचा ठेका या पावलांच्या जवळपास असतो. म्हणून ते गाणे ऐकले की अंगाला चालावे, नाचावे असे वाटते. अंग हलले की मरगळ जाते.

दुसरे कारण श्वास. गाताना आपण छाती भरून श्वास घेतो आणि सावकाश सोडतो. सावकाश श्वास सोडला की छातीची धडधड कमी होते. जीव शांत होतो.

तिसरे कारण मेंदू. आवडीचे जेवण पुढे आले की मेंदूत डोपामीन नावाचा रस सुटतो. त्याने बरे वाटते. आवडीचे गाणे ऐकतानाही तोच रस सुटतो. कॅनडा देशातल्या मॉन्ट्रिऑल शहरातील शास्त्रज्ञांनी २०११ साली हे तपासून दाखवले. पण गाणे आपल्या आवडीचे हवे, बरं का. दुसऱ्याने लादलेले नव्हे.

चौथे कारण सोबत. चारचौघांत सूर मिळवला की माणसाला एकटे वाटत नाही. कोरसात कुणी श्रीमंत नाही, कुणी गरीब नाही. सगळे एकाच तालात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा

मोठा आवाज म्हणजे मोठा आनंद नव्हे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधे बोलणे साधारण ६० डेसिबल असते. ८५ च्या वरचा आवाज रोज तासन् तास कानी पडला, तर कान कायमचे अधू होऊ शकतात. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. कर्ण्याच्या भिंतीजवळ लहान मुलांना उभे करू नका. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे लावायला कायद्याने बंदी आहे. सन २००० पासून हा नियम आहे. सणाच्या मोजक्या दिवशी सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. आपली हळद गोड व्हावी, पण शेजारच्या आजाऱ्याला ती कडू लागू नये.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. गाण्याने शीण जातो, आजार जात नाही. घरातले माणूस दोन आठवडे उदास असेल, जेवत नसेल, झोपत नसेल, "जगून काय करू" असे बोलत असेल, तर त्याला गाणे लावून देऊन भागणार नाही. "मन घट्ट कर" असे सांगूनही भागणार नाही. तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. त्या माणसाला एकटे सोडू नका. सरकारी दवाखान्यात न्या. ठाण्याला मनाच्या आजारांचे सरकारी रुग्णालय १९०१ सालापासून आहे. फोनवर सल्ला हवा असेल, तर १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येते.

करून पाहा

तुम्हांला आता लिहिता येते. मग एक काम करा. आई, आजी, मावशी यांच्या तोंडची गाणी वहीत उतरवून घ्या. गाणे कोणत्या कामाचे, कोणत्या सणाचे, तेही लिहा. वर म्हणणारीचे नाव घाला. गाणाऱ्या पुष्कळ होऊन गेल्या, पण त्यांना लिहिता येत नव्हते. तुम्हांला येते.

सांगा पाहू

१. तुमच्या गावात कोणत्या कामाला कोणते गाणे म्हणतात?
२. गाताना छातीची धडधड कमी का होते?
३. रात्री किती वाजल्यानंतर कर्णा लावू नये?