उतरत्या छपराचे आच्छादन (कर्जत–खालापूर)

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांत घराच्या उतरत्या छपरावर गवत, नळीची कौले, मंगलोरी कौले, सिमेंटचे पत्रे, पोलादी पत्रे आणि अलीकडच्या काळात डांबरी शिंगल अशी निरनिराळी आच्छादने आढळतात. जुने छप्पर उतरवून नवे घालताना येथील निवड सामान्यतः कौल की पत्रा अशी असते. शेतघरे व बंगले यांच्या बाबतीत ती पत्रा की शिंगल अशी होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्यामुळे या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने छपराला ऊन सोसावे लागते. त्यामुळे थंड वा समशीतोष्ण प्रदेशातील आडाखे येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

पार्श्वभूमी

ठाकूर व कातकरी वाड्यांवरील जुनी घरे कारवीच्या कुडाची आणि गवताने वा पेंढ्याने शाकारलेली असत. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी शाकारणी करावी लागे. गावठाणातील घरांवर कुंभाराच्या हातची नळीची कौले असत. माकडे, मांजरे आणि वारा यांमुळे ती सरकत, म्हणून वैशाख-ज्येष्ठात कौले परतून घेण्याची रीत होती. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला. तेथील एकमेकांत अडकणारी सपाट कौले रेल्वे व गलबतांच्या वाटेने कोकणात पसरली आणि ‘मंगलोरी’ या नावानेच रूढ झाली.

पन्हळी पत्र्याची कल्पना इंग्लंडमधील हेन्री पामर याची (१८२९). पत्र्याला जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल याने १८३७मध्ये घेतले. कर्जत तालुक्यातील माथेरान येथे ब्रिटिशकालीन बंगल्यांवर असे पत्रे दिसतात. आज मुलामा दिलेले पत्रे बनविणारे मोठे कारखाने खुद्द खालापूर तालुक्यातच आहेत. खोपोलीजवळील उत्तम गॅल्व्हा हा कारखाना २०२२मध्ये आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलकडे गेला, तर सावरोली येथील भूषण स्टीलचा कारखाना २०१८पासून टाटा स्टील समूहाकडे आहे.

डांबरी शिंगल हे मूळचे अमेरिकेचे. डांबर लावलेल्या जाड कागदाचे तुकडे कापून ते खवल्यांसारखे बसविण्याची पद्धत तेथे १९०३च्या सुमारास सुरू झाली. पुढे कागदाची जागा काचतंतूंच्या थराने घेतली. तेथे बहुसंख्य घरांवर हेच आच्छादन असते, कारण घराचा सांगाडा लाकडी आणि त्यावर फळ्यांचा सलग थर आधीपासून असतो. कोकणातील घराला असा थर नसतो. दोन्हींच्या तुलनेत सहसा विसरला जाणारा मुद्दा हाच आहे.

पत्रा

साध्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. भारतीय मानक आय.एस. २७७मध्ये मुलाम्याच्या प्रती दर चौरस मीटरला १२० ग्रॅम, २७५ ग्रॅम अशा आकड्यांनी दिल्या जातात. हा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. १२० ग्रॅमच्या मुलाम्याची जाडी एका बाजूस जेमतेम ८ मायक्रॉन, तर २७५ ग्रॅमची सुमारे १९ मायक्रॉन भरते. बाजारात पत्रा गेजवर किंवा पोलादाच्या जाडीवर विकला जातो. टिकाऊपणा मात्र बऱ्याच अंशी मुलाम्यावर ठरतो, म्हणून दुकानात जाडीबरोबर मुलाम्याची प्रत विचारणे आवश्यक ठरते.

दुसऱ्या प्रकारात सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन यांचा मिश्र मुलामा असतो. हा पत्रा साध्यापेक्षा सावकाश गंजतो. मात्र ओल्या सिमेंटचा संपर्क त्याला सोसत नाही. कटरने कापताना उडालेला लोखंडाचा कीस झाडून न टाकल्यास पहिल्याच पावसात तांबूस डाग उठतात. रंगीत पत्रा म्हणजे यांपैकीच एखाद्या पत्र्यावर भट्टीत भाजलेला रंग होय. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने पत्रा लवकर खराब होतो. खालापूर व कर्जत समुद्रापासून आत असल्याने तो त्रास येथे बराच कमी आहे.

पत्र्याविरुद्धची खरी तक्रार उष्णतेची आहे. पातळ पत्रा उन्हात झटकन तापतो आणि खालच्या खोलीत उष्णता फेकतो. फिकट रंग, खालून फोम वा लोकरीचे अस्तर, आढ्याजवळ हवा बाहेर जाण्यास झरोका आणि खाली छत किंवा माळा हे त्यावरील उपाय आहेत. पावसाचा आवाजही अस्तराने कमी होतो. अस्तराशिवाय घातलेल्या पत्र्याखाली आषाढात बोलणेही ऐकू येत नाही.

डांबरी शिंगल

शिंगलाचे वजन दर चौरस मीटरला साधारण १० ते १५ किलो असते. वरच्या बाजूस खडीचे बारीक दाणे असतात. ते डांबराला उन्हापासून वाचवतात. प्रत्येक शिंगलावर चिकट पट्टी असते, ती उन्हाने मऊ होऊन खालच्या शिंगलाला धरते. पावसाळ्याच्या तोंडावर ढगाळ हवेत बसविलेले शिंगल म्हणूनच नीट चिकटत नाहीत.

त्यांना सलग पाया लागतो. येथील बंगल्यांत तो बहुधा उतरत्या काँक्रीट स्लॅबचा असतो, अन्यथा पोलादी सांगाड्यावर जलरोधक प्लायवुड ठोकले जाते. प्लायवुडची चार महिन्यांची ओल, बुरशी आणि वाळवी हा या पद्धतीचा कमकुवत दुवा आहे. शिंगल स्वतः शाबूत असताना खालचा पाया कुजू शकतो आणि ते वरून दिसत नाही. दमट हवेत पृष्ठभागावर शेवाळाचे काळे पट्टेही उमटतात. उष्ण प्रदेशात डांबरातील तेलकट अंश लवकर उडून शिंगल ठिसूळ होतात, त्यामुळे उत्पादकांनी थंड हवेसाठी सांगितलेली आयुर्मर्यादा येथे गृहीत धरता येत नाही. पावसाचा आवाज न येणे, वळणावळणाच्या छपरावर सहज बसणे आणि देखणेपणा हे त्यांचे गुण आहेत. स्लॅब असलेल्या बंगल्यावर ते शोभतात. वासे-रिपांच्या साध्या घरासाठी मात्र सलग पाया उभारण्याचा खर्चच आच्छादनाहून जड होतो, आणि असा खर्च करण्याचे कारण सहसा दिसत नाही.

वारा आणि वजन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्हा ओलांडून पुण्याच्या दिशेने गेले. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडाली, आणि ऐन पावसाळ्याच्या तोंडावर अनेक कुटुंबांना ताडपत्रीखाली राहावे लागले.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मीटर प्रतिसेकंद या एककातील वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणल्यास दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.६ मीटर. त्यावरून दाब सुमारे ५६० न्यूटन, म्हणजे ५७ किलो वजनाइतका येतो. छपरावर हा जोर बहुतांशी वरच्या दिशेने, शोषणासारखा लागतो. कडा, कोपरे आणि आढे येथे तो मधल्या भागापेक्षा बराच अधिक असतो. अर्धा मिलिमीटर पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला ४ ते ५ किलो, तर मंगलोरी कौलांचे साधारण ३० ते ४० किलो भरते. कौलांच्या फटींतून आतील व बाहेरील दाब काहीसा समान होतो, सलग पत्र्यात तसे होत नाही.

जुन्या घरात आढे, वासे आणि तुळया बऱ्याचदा केवळ कौलांच्या भाराने भिंतीवर बसलेल्या असतात. कौले काढून त्याच वाशांवर पत्रा घातला की खालचा भार हलका होतो, म्हणून घरमालकाला ते फायद्याचे वाटते. प्रत्यक्षात सांगाड्याला दाबून ठेवणारे वजनच नाहीसे झालेले असते. अशा वेळी पत्रा रिपांना, रीप वाशांना, वासे तुळईला आणि तुळई भिंतीतील गजांना बांधलेली नसेल, तर पत्रा एकटा न उडता सांगाड्यासह उचलला जातो. पत्रा बदलताना जे-हूक किंवा रबरी वॉशरचे स्क्रू कडांजवळ अधिक दाट लावणे, वळचणीबाहेर पत्रा फार लांब न सोडणे आणि जुने वासे पट्ट्यांनी भिंतीस जखडणे ही कामे आच्छादनाच्या निवडीइतकीच महत्त्वाची आहेत. शिंगलाच्या बाबतीतही हीच साखळी प्लायवुडपासून भिंतीपर्यंत तपासावी लागते. वाऱ्याच्या भारासाठी आय.एस. ८७५ (भाग ३) हे मानक वापरले जाते.

कौल आणि सिमेंटचा पत्रा

कौलाखालचे घर उन्हाळ्यात सुसह्य राहते. ते सोडण्यामागे प्रामुख्याने तीन कारणे दिसतात. माकडांच्या उड्यांनी कौले फुटतात, ती परतणारे कसबी कामगार मिळेनासे झाले आहेत, आणि चांगले लाकूड महाग आहे. काही घरमालक पत्र्यावर कौले बसवून दोन्हींचा मेळ घालतात. यात गळती थांबते, उष्णताही अडते. मात्र सांगाडा दोन्हींचे वजन पेलणारा हवा.

सिमेंटचे पन्हळी पत्रे स्वस्त असल्याने गोठे, पडव्या आणि वाड्यांवर अजून दिसतात. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. छप्पर बदलताना असे पत्रे फोडू, घासू वा कापू नयेत. ते पाण्याने ओले करून अखंड उतरवावेत, कारण धोका मुख्यतः उडणाऱ्या तंतूंचा असतो.

घरकुल योजना

कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत अशा कुटुंबांना पक्क्या घरासाठी दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळते. डोंगरावरील वाडीपर्यंत साहित्य डोक्यावरून न्यावे लागते. अशा ठिकाणी हलका व कमी नगांत येणारा पत्रा सोयीचा पडतो. पावसाळ्यात न्हाऊन निघणाऱ्या याच वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये पाण्याची टंचाई असते. पत्र्यावरचे पाणी पन्हळीतून टाकीत साठविणे सोपे आहे, मात्र पहिल्या सरींचे पाणी वाहून जाऊ द्यावे लागते. शिंगलावरून येणाऱ्या पाण्यात दाणे व डांबराचे अंश मिसळत असल्यामुळे ते पिण्यासाठी साठवीत नाहीत.