डिझेल पिकअप: ताकद वाढली, धूर घटला

अमेरिकेत ‘हेवी ड्यूटी’ म्हणून विकले जाणारे डिझेल पिकअप घोड्यांचा ट्रेलर, बोट किंवा बांधकामाची यंत्रे ओढण्यासाठी घेतले जातात. या कामात अश्वशक्तीपेक्षा टॉर्कला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळाच्या जोराला, जास्त मोल असते. 1989च्या डॉज पिकअपमधल्या 5.9 लिटरच्या कमिन्स इंजिनाची ताकद 160 अश्वशक्ती होती आणि टॉर्क सुमारे 542 न्यूटन-मीटर. त्याच घराण्यातले 6.7 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन 2021च्या रॅम पिकअपमध्ये 420 अश्वशक्ती आणि सुमारे 1,458 न्यूटन-मीटरवर पोहोचले. आकारमान जेमतेम 14 टक्क्यांनी वाढले आणि टॉर्क मात्र जवळपास पावणेतीनपट झाला.

या वाढीमागे कॉमन रेल पद्धतीचा वाटा मोठा आहे. तीत एका सामाईक नळीत डिझेल प्रचंड दाबाखाली, अलीकडच्या इंजिनांत 2,000 बारच्या आसपास, साठवलेले असते आणि संगणक प्रत्येक इंजेक्टर मिलिसेकंदांच्या हिशेबाने उघडतो. एकाच स्फोटासाठी डिझेल दोन-चार हप्त्यांत सोडता येते. जोडीला टर्बोचार्जर जास्त हवा कोंबतो आणि इंटरकूलर ती थंड करून आणखी दाट करतो.

डिझेलची खरी अडचण वेगळीच आहे. ज्वलन उष्ण आणि जोरदार झाले की काजळी कमी होते, पण हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ज्वलन थंड ठेवले तर ही ऑक्साइड घटतात, मात्र काजळी वाढते. इंजिनाच्या पोटात दोन्ही शत्रूंना एकाच वेळी हरवता येत नाही.

2006 पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी गंधकाचे प्रमाण दशलक्षात 15 भागांपर्यंत उतरवलेले डिझेल आले. गंधक उत्प्रेरक निकामी करते, त्यामुळे पुढच्या प्रदूषण-नियंत्रण उपकरणांसाठी ही पूर्वअट होती. 2007 पासून कणांची मर्यादा दहापटींनी कडक झाली आणि पिकअपमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, बसू लागली. साचलेली काजळी जाळण्यासाठी वेळोवेळी जादा डिझेल खर्चून एक्झॉस्ट सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. त्यातच ईजीआर ही यंत्रणा एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा सिलिंडरमध्ये सोडून ज्वलन थंड करत होती. मायलेज घसरले, काजळी वाढली, गाळणी लवकर भरू लागली. प्रदूषणाची उपकरणे इंजिनाचा गळा आवळतात, हा समज याच काळातला, आणि त्या काळापुरता तो बराचसा खराही होता.

एससीआर या पद्धतीने चित्र पालटले. यात 32.5 टक्के युरिया असलेले पाणी, म्हणजेच डीईएफ, एक्झॉस्टमध्ये फवारले जाते. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर होते. हे द्रव उणे 11 अंशांना गोठते, म्हणून टाकीत हीटर असतो. ऑक्साइडचा बंदोबस्त बाहेरच होऊ लागल्याने इंजिनाला पुन्हा उष्ण, जोमदार ज्वलन करण्याची मुभा मिळाली. फोर्डचे 2008चे 6.4 लिटरचे इंजिन सुमारे 881 न्यूटन-मीटर टॉर्क देत होते. एससीआर असलेले 2011चे 6.7 लिटरचे इंजिन त्याच वर्षी 1,085 पर्यंत गेले. 2023च्या त्याच्या वरच्या आवृत्तीत 500 अश्वशक्ती आणि 1,627 न्यूटन-मीटर आहेत. म्हणजे नियम कडक होत गेले त्याच काळात ताकद वाढली.

भारतात 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांनंतर मोठ्या डिझेल वाहनांत हीच साखळी आली. ‘युरिया टाकायचा’ ही चालकांची भाषा आता रुळली आहे.

तरीही अमेरिकेत गाळणी आणि उत्प्रेरक काढून टाकण्याचा धंदा फोफावला. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2020च्या अंदाजानुसार दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधली प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढली गेली. छेडछाडीचे आरोप मालक आणि गॅरेजवाल्यांपुरतेच राहिले नाहीत. सुमारे 6 लाख 30 हजार रॅम पिकअपच्या इंजिनांत नियंत्रण निष्प्रभ करणारे सॉफ्टवेअर असल्याच्या आरोपावरून कमिन्सने 167.5 कोटी डॉलरचा दंड मान्य केला. कंपनीने गैरकृत्य कबूल केले नाही, पण त्या गाड्यांचे सॉफ्टवेअर बदलून देण्याची जबाबदारी तिच्यावर आली.