मोटारसायकलवरचा रेनकोट घेताना



आडसाली लागणीचे दिवस म्हणजे जुलै-ऑगस्ट. तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस याच दिवसांत. सऱ्या सोडायच्या, बेणेमळा बघायचा, खत आणायचे, गट ऑफिसात लागणीची नोंद द्यायची, आणि ही सगळी धावपळ मोटारसायकलवर. बेणे घेताना आपण डोळा न् डोळा तपासतो. रेनकोट मात्र बाजारच्या दिवशी हाताला लागेल तो उचलून आणतो. म्हणून या वेळी उसाचा विषय बाजूला ठेवून हे चार शब्द. शेतकी खात्यातल्या माणसाचा पावसाळा गाडीवरच जातो, तेव्हा थोडाफार अनुभव आहे.

आधी खोळीचे बोलू. पोत्याची खोळ भांगलणीला झकास. वाकलेल्या माणसाची पाठ कोरडी राहते, हात मोकळे राहतात. पण गाडीवर ती वाऱ्याने फुगते, आणि टोक मागच्या चाकात गेले की माणूस खाली. आमच्या एका गटातील सभासदांचे असेच झाले. खांदा निखळला, तयार रान पडून राहिले, शेवटी लागण भावकीने करून दिली. प्लॅस्टिकचा कागद, घोंगडी, बिनबाह्यांचा झगा, सगळ्यांचा धोका तोच. मागे बसलेल्या माऊलीच्या हातातली उघडी छत्री तर त्याहून वाईट. वारा भरला की छत्री मागे ओढते आणि बसणारीचा तोल जातो. तेव्हा घरात कोट घ्याल तर दोन घ्या. पदर कोटाच्या आत खोचला की चाकात जायची भीती राहत नाही.

कोट आणि विजार असा जोडच घ्यावा. गुडघ्याखाली येणारा लांब कोट स्वस्त पडतो, पण गाडीवर बसले की मांडीवर उघडतो. कापडात साधे प्लॅस्टिक पाणी अडवते हे खरे, पण घामही अडवते. माणूस आतून भिजतो आणि कोट गळतो म्हणून दुकानदाराशी भांडतो! आतून लेप दिलेले नायलॉन किंवा पॉलिएस्टर जास्त टिकते. पाठीवर झाकणाखाली जाळी असेल तर उत्तम. मात्र कापडापेक्षा शिवण बघा. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी शिरते. कोट उलटा करा. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली पाहिजे. विजारीच्या बैठकीला तर हवीच, कारण सीटवर पाणी साचते, वर आपले वजन, आणि गळती तिथूनच सुरू होते.

माप दुकानात उभ्याने घेऊ नका. दारात लावलेल्या आपल्या गाडीवर बसा, दोन्ही हात हँडलला लावा, मग बघा. बाही मनगटावरून सरकते का? विजार घोट्याच्या वर चढते का? पाठ उघडी पडते का? अंगातल्या कपड्यांवरून घालायचा असल्याने एक माप मोठे बरे, पण फडफडणारे नको. विजारीचा पाय सायलेन्सरला टेकत नाही ना, तेही बघा. लागला तर वितळून चिकटतो. गमबूट असतील तर विजार बाहेरून सोडावी. आत खोचली की बुटाची घागर होते.

कोटाची टोपी हेल्मेटवरून ओढू नये, बाजूचे दिसत नाही. ती आत दुमडा. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचे, आणि कायद्याने ते मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. काच पांढरी असावी; वाफ धरली तर किंचित उघडी ठेवावी.

आता रंग. काळा कोट मळत नाही म्हणून आपल्याकडे त्यालाच पसंती. गाळप हंगामात ट्रॉलीला आणि बैलगाडीला रिफ्लेक्टर लावायचा आग्रह कशासाठी असतो? मागच्याला दिसावे म्हणून. पावसाळी संध्याकाळी काळ्या कोटातला माणूस आणि बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली यांत फरक नाही. पिवळा किंवा नारिंगी कोट घ्या, त्यावर चमकणारी पट्टी असू द्या. नसेल तर हेल्मेटच्या मागे तरी चिकटवा. मला कोणी विचारले तर न गळणाऱ्या काळ्यापेक्षा थोडा गळणारा पिवळा कोट मी घेईन. भिजलेला माणूस घरी येऊन कपडे बदलतो.

कोट दिसला म्हणून वेग वाढवायचा नाही, हे सांगायला नको. ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातला चिखल डांबरावर येतो, त्यावर ब्रेक दाबला की गाडी घसरलीच.

घरी आल्यावर कोट वळचणीला सावलीत टांगा. ओला गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि लेप सुटतो. इस्त्री, कडक ऊन, गरम पाणी वर्ज्य. आणि हाच कोट घालून तणनाशक मारायला जाऊ नका. फवारणीचा कोट वेगळा ठेवा, आणि तो घरातल्या कपड्यांशेजारी टांगू नका.