दाढीची जखम, स्टेंट आणि कोलॅजनची पकड

मी सॉफ्टवेअर इंजिनियर, राहायला अंबरनाथच्या बुवापाड्यात. आजचा विषय घरातूनच आलाय. बाबांना स्टेंट बसवल्यापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहेत. परवा दाढी करताना गाल कापला, रक्त लवकर थांबेना. बाबा म्हणाले, "बंदच करतो या गोळ्या." मी म्हटलं, "बाबा, जरा थांबा," आणि वाचायला बसलो.

रक्तवाहिनीच्या अस्तराखाली कोलॅजन असतं. त्याचा रेणू म्हणजे तीन पदरी वेणी. ही रचना 1954-55 मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. प्रत्येक पदरात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, सगळ्यात छोटं, म्हणून वेणी घट्ट बसते. अस्तर शाबूत असेपर्यंत ती रक्ताला दिसत नाही. कापलं की उघडी पडते.

आता प्लेटलेट. धमनीत रक्त इतकं जोरात धावतं की तिला थेट कोलॅजन धरणं कठीण. म्हणून आधी रक्तातलं वॉन विलेब्रँड फॅक्टर कोलॅजनला चिकटतं आणि प्लेटलेट आपल्या पृष्ठभागावरच्या जीपी-वन-बी या प्रथिनाने त्याला धरते. ही पकड कच्ची, पण वेग कमी होतो. मग जीपी-सिक्स हे दुसरं प्रथिन थेट कोलॅजनला लागतं आणि पेशीच्या आत निरोप पाठवतं. निरोप मिळाला की इंटेग्रिन अल्फा-टू-बीटा-वन आकार बदलतं. त्याच्यात मॅग्नेशियमचा आयन बसलेला असतो. कोलॅजनमधलं ग्लुटामिक आम्ल नेमकं त्यालाच जोडलं जातं. ही पकड पक्की.

पुढे ही प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन आणि एडीपी सोडून बाकीच्यांना हाका मारते. बाबांच्या गोळ्या इथे काम करतात. अ‍ॅस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेन बनू देत नाही, क्लोपिडोग्रेल एडीपीची हाक ऐकू देत नाही. कोलॅजनवरची पहिली पकड तशीच राहते. म्हणून रक्त थांबतं, फक्त उशिरा.

आणि हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटला तर? तिथेही हेच कोलॅजन उघडं पडतं, हीच गर्दी जमते, आणि वाट बंद झाली की हार्ट अटॅक. नव्या स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका वेगळाच. गालावर जी पकड वाचवते, तीच तिथे जीवावर उठते.

बाबांनी गोळ्या चालू ठेवल्या, आम्ही इलेक्ट्रिक शेव्हर आणला. तुमच्याही घरी कुणी या गोळ्या घेत असेल आणि रक्त जास्त जात असेल, तर डॉक्टरांना गाठा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. भेटू पुढच्या भागात!